आडोशातले आसन

बसणे ही कला मनुष्य वयाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात शिकतो आणि त्यानंतर तिच्याविषयी विचार करणे जन्माचे सोडून देतो. बोलावे कसे, चालावे कसे, लिहावे कसे ह्यांविषयी उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. परंतु कशावर बसावे आणि किती वेळ बसावे, ह्या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहणारे आम्हांस दोघेच ठाऊक आहेत, एक योगी आणि दुसरा सुतार. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या आसनाचे वर्णन आहे. ते स्वच्छ जागी मांडावे, ते स्थिर असावे, फार उंच नसावे आणि फार सखलही नसावे, अशी त्याची लक्षणे तेथे सांगितली आहेत. आम्ही तो अध्याय लहानपणी पाठ केला होता. तथापि त्यातील व्यावहारिक सूक्ष्मता आमच्या ध्यानी आली ती वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरील एका शेताच्या बांधावर, दोन्ही पाय गुडघ्यांपासून खाली बधिर झाले असता.

वास्तविक ठाणे, कल्याण, डोंबिवली ह्या भागातील माणसास हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला, आणि तेव्हापासून इकडील माणसाच्या सुखदुःखाचा फार मोठा भाग बसावयास जागा मिळते की नाही ह्यावर अवलंबून राहिला आहे. तिघांच्या बाकावर अर्धे अंग टेकून बसणाऱ्या चौथ्या मनुष्याची समाधी ज्याने पाहिली आहे, त्यास आसनविद्येचे निराळे धडे नकोत. आम्ही स्वतः तीस वर्षे ते चौथे आसन भूषविले आहे. आपणांस कोठेही आणि कशावरही बसता येते असा एक अहंकार त्यामुळे आमच्या ठिकाणी उत्पन्न झाला होता. तो उतरविण्याचे श्रेय पक्ष्यांना आहे.

पक्ष्यांचा नाद आम्हांस उशिरा लागला. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांत लहान रोहित आणि मोठा रोहित अशा दोन्ही जाती असतात. शहराच्या मैल्याने काळवंडलेल्या चिखलात हे गुलाबी ऐश्वर्य कशावर पोसले जाते, असे कोणासही वाटेल. परंतु त्या पाण्यात वाढणारी सूक्ष्म शेवाळे हेच लहान रोहिताचे मुख्य अन्न होय. शासनाने २०१५ साली खाडीचा सुमारे सतराशे हेक्टरांचा भाग रोहितांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला आणि २०२२ साली रामसर कराराखालील पाणथळ जागांच्या यादीत तिचा समावेश झाला. आमच्या एका विद्यार्थ्याने आग्रह करून आम्हांस तेथे होडीतून नेले. त्याच्या हाती छायाचित्राचे यंत्र होते आणि आमच्या हाती छत्री. परत आलो तेव्हा छत्री होडीत विसरली होती, आणि यंत्र विकत घ्यावयाचे असा निश्चय झाला होता.

छायाचित्र घेणाऱ्यांच्या बोलीत एक शब्द आम्हांस प्रथम खटकला. विद्यार्थी एकमेकांस सांगत, 'रविवारी शूटला जायचे आहे.' बंदूक आणि कॅमेरा ह्या दोहोंसाठी इंग्रजांनी एकच क्रियापद वापरावे आणि आम्ही ते तसेच उचलावे, ह्यात आमच्या मनास काहीतरी टोचे. ते काय, हे त्या वेळी आम्ही स्वतःशीही उघड बोललो नव्हतो. पुढे बोलण्याचा प्रसंग आला.

छायाचित्राची विद्या थोडीफार साधल्यावर असे कळून चुकले की, पक्ष्याच्या मागे धावणाऱ्यास पक्ष्याची पाठ मिळते आणि एका जागी बसणाऱ्यास त्याचे मुख मिळते. म्हणून आडोसा करून बसावे. अरण्यविद्येत मुरलेले लोक ह्यास लपण म्हणतात. मुरबाडच्या वाटेवर आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याचे भाताचे शेत आहे आणि शेताच्या टोकाला एक लहानसे तळे आहे. त्याने बांधावर चार बांबू रोवून, त्यांवर जुनी जाळी व पेंढा टाकून आम्हांस एक आडोसा करून दिला. उजाडण्यापूर्वी तेथे जाऊन बसावयाचे. शेतकरी आम्हांबरोबर आडोशापर्यंत येई आणि मग एकटाच, मुद्दाम खाकरत, परत जाई. जाणारा मनुष्य पाहिला म्हणजे जागा रिकामी झाली असे पुष्कळ पाखरांना वाटते. त्यांचे अंकगणित बेताचेच असते. कावळा मात्र ह्या हिशेबात सहसा फसत नाही.

येथेच आसनाचा प्रश्न उपस्थित झाला. आडोशात तीन-चार तास बसावे लागते. त्या अवधीत हलता येत नाही, खोकता येत नाही, पाय पसरता येत नाहीत. विलायतेत रिचर्ड व चेरी कीर्टन ह्या दोघां भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी नाना प्रकारचे आडोसे केले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल. एकाने यंत्र घेऊन त्याच्या पोटात उभे राहावयाचे आणि कातड्यास पाडलेल्या छिद्रातून पाखरू टिपावयाचे. हा बैल एकदा आतील माणसासकट उलथला आणि त्याचे चारही पाय आकाशाकडे झाले. आम्ही हा वृत्तांत प्रथम वाचला तेव्हा हसलो. बांधावरच्या पहिल्या सकाळनंतर हसू आले नाही. त्या बैलाच्या पोटात एखादे बसावयाचे साधन असते तर ही आपत्ती टळती, हे आता आमचे गंभीर मत आहे. ह्या छंदात माणसे ह्याहूनही मोठी किंमत देऊन बसली आहेत. एरिक हॉस्किंग ह्या छायाचित्रकाराचा एक डोळा १९३७ साली घुबडाच्या नखांनी गेला, तरी त्याने छंद सोडला नाही. आमचे तर केवळ गुडघे दुखत होते.

तेव्हा आम्ही आसनाचा शोध आरंभिला. प्रारंभी वर्तमानपत्राची घडी घालून जमिनीवर बसून पाहिले. जमिनीलगत बसण्याचा एक मोठा लाभ आहे. यंत्राचे भिंग पाण्याच्या पातळीस येते आणि पाखरू आपल्या डोळ्यांशी डोळे भिडवून पाहते. उंचावरून घेतलेल्या चित्रात त्याची केवळ पाठ व तळ्याचा चिखल दिसतो. परंतु बांधावरचे दव वर्तमानपत्रातून, धोतरातून वा विजारीतून सारख्याच निष्पक्षपणे आत शिरते. शिवाय उठताना शेतकऱ्यास हाक मारावी लागली. ज्या आसनावरून दुसऱ्याच्या हाताशिवाय उठता येत नाही, ते आसन पन्नाशीनंतर सोडावे हे बरे.

दुसरे साधन तीन पायांचे घडीचे स्टूल. ते वजनास हलके, खांद्यास अडकविता येण्याजोगे आणि दिसावयास सुबक होते. दुकानात त्यावर आम्ही पाच मिनिटे बसून पाहिले आणि समाधानाने पैसे दिले. परंतु दुकानाची जमीन फरशीची असते आणि तळ्याचा काठ चिखलाचा असतो, हा भेद आमच्या ध्यानात राहिला नाही. पहिल्या अर्ध्या तासात एक पाय चार बोटे रुतला, दुसऱ्या अर्ध्या तासात दुसरा, आणि तिसरा पाय सज्जनाप्रमाणे वरच राहिल्यामुळे आम्ही हळूहळू पूर्वेकडे कलू लागलो. एका खंड्याने समोरच्या काठीवर बसून हा सर्व सोहळा पाहिला. त्याचे चित्र आमच्याजवळ आहे. त्यात क्षितिज तिरके आहे.

तिसरे साधन आम्ही फार विचार करून घेतले. ती खाली पिशवी जोडलेली, चौकोनी बैठकीची घडीची खुर्ची होती. भिंगे, पाण्याची बाटली, पावसात यंत्रावर घालावयाचे आच्छादन आणि पोळीभाजीचा डबा, इतके सारे त्या पिशवीत मावे. आडोशात बसणाऱ्यास हे फार अगत्याचे असते. कारण वस्तू आजूबाजूस मांडून ठेवल्या की त्या शोधण्यासाठी वाकावे लागते, वाकले की जाळी हलते, आणि जाळी हलली की तळे रिकामे होते. आता सर्व काही बुडाखाली आहे ह्या विश्वासाने आम्ही बसलो. शेकाट्यांची एक जोडी लांब लाल पायांनी चालत अगदी जवळ आली. आम्ही भिंग बदलण्यासाठी पिशवीचे तोंड उघडले. ते तोंड हल्लीच्या पद्धतीच्या चिकटपट्टीने बंद होणारे होते. शांत पहाटे ती पट्टी उघडताना जो आवाज होतो, तो नवे मांजरपाट टरकन फाडावे तसा असतो. शेकाट्या गेल्या, टिटवीने सर्व शिवारास आमची वर्दी दिली आणि त्या दिवसाचे काम संपले.

एवढ्या अनुभवानंतर उत्तम आसनाची लक्षणे आम्हांस सांगता येऊ लागली. त्याचा तळ रुंद व सपाट असावा, म्हणजे ते रुतत नाही. त्याची उंची इतकी असावी की भिंग खाली राहावे, पण उठताना गुडघ्यांनी तक्रार करू नये. फूट-सव्वा फूट ते दीड फूट ही मर्यादा आम्हांस मानवली. त्याच्या पोटात सामानास जागा असावी, आणि त्याचे झाकण उघडण्यासाठी उठावे लागले तरी फार हालचाल होऊ नये. ते पाण्याने भिजू नये. त्याचा रंग मातीचा वा वाळल्या गवताचा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते मुके असावे. इतर सर्व गुण असून जे आसन बोलते, ते आडोशात निरुपयोगी होय.

ही लक्षणे ज्या वस्तूस बहुतांशी लागू पडली ती आमच्याच गच्चीवर पालथी पडलेली होती. मागील दिवाळीत घरास रंग दिला, त्याचा वीस लिटरांचा रिकामा डबा. तळ सपाट, पोट विशाल, झाकण घट्ट, कडी उचलण्यास सोयीची. झाकणावर जुन्या गादीचा तुकडा शिवून बसविला आणि बाहेरून चिखलाच्या रंगाचे कापड गुंडाळले. किंमत शून्य. आम्ही ते पात्र घेऊन पहाटेच्या गाडीने निघालो. त्या दिवशी कापडाचे टोक सुटून खालील रंगाच्या कंपनीचे चित्र दिसत होते. समोरच्या बाकावरील गृहस्थांनी थोडा वेळ आमचे निरीक्षण केले आणि विचारले, "काका, एका खोलीचे काय घेता?"

आम्ही म्हटले, "आम्ही रंगकाम करीत नाही. ह्या डब्यावर नुसते बसतो."

ते गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, "खरे आहे. ह्या दिवसांत कामे कमीच."

हा प्रसंग आम्ही घरी विनोदाने सांगितला. परंतु सौभाग्यवतींस तो विनोद वाटला नाही. डॉक्टर सलीम अली ह्यांनी १९३० साली किहीमच्या किनाऱ्याजवळ सुगरण पक्ष्याच्या संसाराचे निरीक्षण करून असे दाखविले की, घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते, आणि तिच्या पसंतीस उतरले तरच त्याचे पुढे काही होते. आमच्या आसनांची परीक्षा ह्याच शास्त्राने होत असे. तिन्ही आसने ज्या शांतपणे नापसंत झाली, त्याच शांतपणे त्या डब्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "अहो, माळ्यावर आजेसासऱ्यांची पेटी आहे की! चांगली सागवानी आहे. ती का नाही घेत?"

आम्ही उत्तर दिले नाही. समोर आरामखुर्चीत अण्णा, म्हणजे आमचे वडील, वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी पान उलटले नाही.

त्या पेटीविषयी आता सांगितले पाहिजे. आमचे आजोबा कल्याणास वकिली करीत आणि हिवाळ्यात सुटीच्या दिवशी शिकारीस जात. त्या काळी कल्याणच्या आसपास भातखाचरे, खाजणे आणि गावतळी ह्यांची रेलचेल होती. खाचरांत पाणलावे व तळ्यांवर रानबदके उतरत. बंदुकीचा परवाना असलेल्या सभ्य गृहस्थाने रविवारी चार पाखरे मारून आणावी, ह्यात त्या काळच्या समाजास काही वावगे वाटत नसे. १९१२ च्या कायद्याने काही पाखरांना ठरावीक ऋतूंपुरते अभय दिले होते, इतकेच. पुढे मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा आला, नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली. आजोबांनी १९७२ नंतर बंदूक सरकारजमा केली. काडतुसांची पेटी मात्र घरात राहिली. कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या, आत हिरवी बनात, काडतुसे उभी ठेवण्याचे कप्पे, आणि वर सपाट, जाड झाकण. तळ्याकाठी गवताचा आडोसा करून आजोबा तिच्याशेजारी उभे राहत.

अण्णांनी उभ्या आयुष्यात बंदुकीस हात लावला नाही आणि ती पेटी माळ्यावरून खाली काढू दिली नाही. आम्ही लहानपणी एकदा तिच्याविषयी विचारले असता, "राहू दे तिथे," एवढेच उत्तर मिळाले होते. ज्या आसनावर बसून जीव घेतले गेले, त्यावर बसून जीवांची चित्रे काढावी की नाही, हा प्रश्न आम्हांसही पडला होता. पक्षिशास्त्राच्या इतिहासात त्याचे उत्तर सापडते म्हणावे, तर तेही सरळ नाही. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेची स्थापना १८८३ सालची; तिच्या आरंभीच्या संग्रहातील पाखरे मारूनच आणलेली होती. खुद्द सलीम अलींचा ह्या शास्त्रात प्रवेश झाला, तो बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या एका चिमणीमुळे. ती चिमणी कोणती, हे विचारावयास ते त्या संस्थेत गेले आणि पुढचा सर्व इतिहास घडला. ज्या डोळ्यांनी नेम धरला, त्याच डोळ्यांनी पुढे जन्मभर पाखरे न्याहाळली. शिकाऱ्याची चिकाटी, त्याचे वाऱ्याचे व उजेडाचे ज्ञान, त्याचे निश्चल बसणे, हे सारे आमच्या ह्या छंदाने वारशाने घेतले आहे. मग पेटीनेच काय केले? पण ही सर्व युक्तिवादाची भाषा झाली, आणि अण्णांचे मौन युक्तिवादाने सुटणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महाविद्यालयातून परत येऊन पाहतो, तो पेटी दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवलेली. अण्णांनी शेजारच्या मुलाकडून ती खाली काढवून घेतली होती. पंच्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, हातात फडके घेऊन, आरामखुर्चीतून पुढे वाकून तिच्यावरची धूळ पुसत होते. आम्हांस पाहून ते म्हणाले, "उघड."

आम्ही झाकण उचलले. पेटी अशी कर्कश करकरली की स्वयंपाकघरातून सौभाग्यवती बाहेर आल्या.

अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आले. "अजून वाजते," ते म्हणाले. आणि मग, ज्या गोष्टीविषयी त्यांनी आम्हांस पंचावन्न वर्षांत एक अक्षर सांगितले नव्हते, ती त्यांनी फडक्याने पितळ घाशीत घाशीत सांगितली.

१९४८ च्या हिवाळ्यात ते आठ वर्षांचे होते. आजोबा त्यांना प्रथमच तळ्यावर घेऊन गेले. त्यांनी आडोशात पेटीवर बसावयाचे, मागितले की काडतूस द्यावयाचे आणि बोलावयाचे नाही, एवढे काम. पहिल्या दिवशी अडईंचा थवा उतरला. ही बदके उडताना शीळ घालतात. आजोबांनी दोन बार काढले. गावातला एक मुलगा कमरेइतक्या पाण्यात शिरून पडलेली पाखरे घेऊन आला. त्यांतले एक जिवंत होते. आजोबांनी ते अण्णांच्या हातात दिले आणि म्हणाले, "धर जरा."

"त्याचे अंग किती गरम होते म्हणून सांगू!" अण्णा म्हणाले. "थंडीने माझी बोटे गारठली होती, ती त्याच्या पिसांत ऊब घेत होती. छातीतली धडधड माझ्या तळहातात लागत होती. मग ती लागेनाशी झाली. तरी अंग गरमच होते. मी ते धरून बसलो होतो. तुझ्या आजोबांना वाटले, पोराला आवडले."

पुढच्या खेपेस पाखरे उतरू लागली, आणि ती माऱ्याच्या टप्प्यात येण्याच्या किंचित आधी अण्णा उठले व त्यांनी काडतूस काढण्याच्या निमित्ताने पेटीचे झाकण उघडले. बिजागरी करकरली. थवा शीळ घालीत वर उठला आणि गेला. आजोबांनी मागे वळून पाहिले. म्हणाले काही नाही. त्यानंतर दोन हिवाळे अण्णा त्या पेटीवर बसले. कधी काडतूस, कधी पाणी, कधी चिवडा. निमित्त निराळे, करकर तीच. प्रत्येक वेळी नव्हे, कारण तसे केले असते तर उघडकीस आले असते. आठ वर्षांच्या मुलास इतकी अक्कल होती. आजोबा परत येताना म्हणत, "पाखरे हल्ली फार हुशार झाली." तिसऱ्या हिवाळ्यात ते म्हणाले, "तुझा शाळेचा अभ्यास वाढला आहे. आता येऊ नकोस."

"म्हणजे त्यांना कळले होते?" सौभाग्यवतींनी विचारले.

अण्णांनी बिजागरीवर बोट ठेवले. "दर रविवारी परत आल्यावर ते बंदुकीची नळी तेल घालून पुसत. हे पितळ चिंचेने घासून लखलखीत करीत. कुलपात तेल, कडीत तेल. ह्या बिजागरीला मात्र त्यांनी कधी तेल घातले नाही. मी वाट पाहत असे, आज घालतील, उद्या घालतील. आता ह्याचा अर्थ काय समजायचा? विचारायला हवे होते. मी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ते आम्हांकडे वळून म्हणाले, "तुझ्या कामाला आवाज चालत नाही ना?"

"नाही," आम्ही म्हटले.

"मग शिवणयंत्राचे तेल आण."

काडीला कापूस गुंडाळून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही बिजागऱ्यांना तेल घातले. हात कापत होता, त्यामुळे थोडे बनातीवर सांडले. झाकण दहा-पंधरा वेळा उघडमीट करविले. प्रथम ते कुरकुरले, मग कुजबुजले आणि अखेरीस गप्प झाले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची ती करकर आमच्या घरात त्या संध्याकाळी संपली. पाखरांसाठी जी एके काळी राखली होती, तीच पाखरांसाठी आता घालविली. तरीही अण्णा बराच वेळ त्या झाकणाकडे पाहत होते.

वाचक विचारतील की, मग आसनाचा निकाल काय लागला? केवळ सोयीच्या दृष्टीने पाहिले तर रंगाचा डबाच श्रेष्ठ, असे आम्ही आजही सांगू. पेटीचे वजन पुष्कळ आहे, ती घेऊन कोणी आगगाडीत चढू शकणार नाही, आणि तिचे पितळ उन्हात चमकते म्हणून त्यावर कापड बांधावे लागते. तिचे दोनच गुण. ती चिखलात रुतत नाही, आणि तिची उंची अशी आहे की पंच्याऐंशी वर्षांचा मनुष्यही तिच्यावरून कोणाच्या आधारावाचून उठू शकतो. हा दुसरा गुण आमच्या लक्षणांच्या यादीत नव्हता, कारण ती यादी आम्ही स्वतःपुरती केली होती.

गेल्या जानेवारीत एका रविवारी मोटार करून आम्ही दोघे पहाटे तळ्यावर गेलो. अण्णांच्या अंगावर दोन स्वेटर व कानटोपी होती. आडोशात पेटीवर ते बसले आणि शेजारी डब्यावर आम्ही. शेतकरी खाकरत परत गेला. हळूहळू दिसू लागले. एक ढोकरी काठाशी ध्यान लावून उभी होती, धोबी शेपटी हलवीत चिखलावरून पळत होता. मग डोक्यावरून शीळ ऐकू आली आणि अकरा अडई पाण्यावर उतरल्या. इतक्या जवळ, की अण्णांनी श्वास रोखला तो आम्हांस कळला. आम्ही यंत्र डोळ्याशी लावले. पण चित्र घेण्याआधी सहज बाजूस पाहिले.

अण्णा पेटीवरून हळूच उठले होते. त्यांनी झाकण उघडले, पाण्याची बाटली काढली, झाकण मिटले. अडई पोहत राहिल्या. त्यांनी बाटली मांडीशी धरली, पाणी प्यायले नाही. तळ्याकडे पाहत, काही काढावयाचे नसताना, त्यांनी झाकण पुन्हा एकदा उघडले.

एकही पाखरू उडाले नाही.